कोरडी नाव
मोईजनं डांबरात भिजवलेल्या कापसाची वात दोन फळ्यांच्या फटीत धरली आणि हातोडीनं ठोकून आत बसवली. यावलच्या त्या अंगणात सकाळपासून हाच आवाज चालला होता. ओसरीवर खाटेत बसलेले नूर महंमद जावयाचे हात बघत होते. हात चांगले होते. तेच त्यांना सोसत नव्हतं.

तापीकाठच्या माणसांना त्यांनी चाळीस वर्षं नावा बांधून दिल्या. दोन वर्षांपूर्वी लकवा आला, उजवा हात-पाय गेला आणि हत्यारं घरजावयाकडे गेली. मोईज चोपड्याला कपाटं, पलंग करणारा. लाकडाला पाणी लागू द्यायचं नाही, एवढंच त्याला शिकवलेलं. नावेचं एकेक काम त्यानं सासऱ्याला विचारून केलं. बाभळीची कुठली वाकडी फांदी फासळीला घ्यायची, इथपर्यंत नूर महंमदांनी त्याला मन लावून शिकवलं.

मग गावातल्या केळीवाल्या चंपालालशेठचा नातू अमन नाव बघून गेला. नदीकाठच्या केळीच्या बागेत त्यानं पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या. त्यांना फिरवायला त्याला लाकडी नाव हवी होती. ही जमली तर आणखी तीन, शिवाय मोईजला बागेत कायमचं काम.

“मिस्त्री, बाबांनी शिकवलं का सगळं?” त्यानं सहज विचारलं होतं.

“अब्बा बसून असतात. बांधतो मीच,” मोईज म्हणाला होता.

बोलला त्यात खोटं काही नव्हतं. पण ते वाक्य नूर महंमदांच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं, ते निघालंच नाही.

रूही चहा घेऊन बाहेर आली. बापाचा चहा तिनं नेहमीसारखा डाव्या हाताशी ठेवला आणि नावेकडे बघत उभी राहिली.

“अब्बा, हिच्यात पाणी नाही भरून ठेवायचं? मी लहानपणी कळशा भरभरून ओतायचे की.”

मोईजची हातोडी थांबली. “पाणी? कशाला?”

नूर महंमदांनी चहाचा घोट घेतला.

“ती आंब्याची लाकडं होती,” ते म्हणाले. “हे सागवान आहे. याला लागत नाही. उगाच खराब होईल.”

मोईजला ते पटलं. पलंगवाल्याला पटणारच. रूहीनं तर बापाचा शब्द आजवर कधी तपासून घेतला नव्हता.

शुक्रवारी नमाजनंतर नाव नदीत उतरली. अमन नवे बूट घालून तिच्यात बसला, काठावरचे पाहुणे मोबाईल धरून उभे राहिले. नाव काठापासून थोडी सुटली आणि प्रत्येक फटीतून पाणी वर आलं. मोईज ओंजळीनं उपसत होता. ओंजळीनं काय होणार? अमनचे बूट बुडाले. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो हसला.

“मिस्त्री, तुम्ही आपले पलंगच करा,” काठावर आल्यावर तो म्हणाला आणि फायबरच्या नावेसाठी तिथूनच फोन लावला.

ट्रॅक्टरवाल्यानं नाव परत अंगणात आणून टाकली. मोईज रात्री जेवला नाही. सकाळी त्यानं कुऱ्हाड घेतली.

नूर महंमद खाटेवर सरसावून बसले. लकव्यानंतर इतकं बरं त्यांना कधी वाटलं नव्हतं. पहिला घाव नावेच्या तोंडावर पडला. एक वाक्य बोललं असतं तर कुऱ्हाड तिथंच थांबली असती. ते वाक्य तोंडात धरून ते बसून राहिले. फळ्या निघाल्या, तळ फाटला. शेवटची फासळी मोडल्यावर ते बोलले.

“दोन दिवस पाणी भरून ठेवली असती तर फळ्या फुगल्या असत्या. फटी आपोआप मिटल्या असत्या. थेंब आला नसता आत.”

मोईज वळला. “सागवानाला लागत नाही म्हणालात.”

“कुठलंही लाकूड असो, नावेला लागतंच. नाव चांगली बांधली होतीस तू.”

मोईजनं हातातली कुऱ्हाड जपून भिंतीला टेकवली आणि तो फाटकाबाहेर निघून गेला.

रूही तुकडे गोळा करत होती. ती उठली नाही.

“मी विचारलं होतं तुम्हाला, अब्बा.”

“विचारलं होतंस.”

ती लाकडं उचलून घरात गेली. न्हाणीतल्या चुलीतून डांबराचा काळा धूर ओसरीवर यायला लागला. नूर महंमदांना खोकला आला, घसा कोरडा पडला. त्यांनी पाणी मागितलं.

रूहीनं लगेच आणलं. स्टीलचा ग्लास, काठोकाठ भरलेला. स्टूल तिनं खाटेच्या दुसऱ्या बाजूला ओढलं, त्यावर ग्लास ठेवला आणि बापाचा उजवा हात उचलून ग्लासाशेजारी नीट ठेवून दिला.

“घ्या,” ती म्हणाली आणि चुलीत लाकूड सारायला आत गेली.