अडीच तासांपूर्वीचं आकाश

पेशंट आणायला दादाचं छोटं विमान उडालं, त्याला वीस मिनिटं झाली होती. ऑफिसात त्याच्या बहिणीने सकाळपासून पहिल्यांदाच बूड टेकलं, डब्याचं झाकण उघडलं आणि सहज स्क्रीनकडे पाहिलं. डबा तसाच बाजूला सारला.

कॉम्प्युटरवरची आठ ओळींची ती स्क्रिप्ट तिनेच लिहिलेली. चालवली, की पलीकडच्या विमानतळाचं ताजं हवामान यायचं: वारा किती, ढग किती, कुठवरचं दिसतं. मागच्या महिन्यात स्वतःचं बाळ मांडीवर किरकिरत असताना तिने घाईघाईत आणखी एक ओळ घातली होती. नेट मिळालं नाही तर शेवटची नोंद दाखव. कोरी स्क्रीन पाहिली की साहेब कावायचे, म्हणून.

स्क्रीनवर आकाश निरभ्र होतं. नोंद मात्र सहाची, आणि आता वाजले होते साडेआठ.

तिने पलीकडच्या विमानतळावर फोन लावला.

"निरभ्र? अहो बाई, इथं साडेसहापासून धुकं बसलंय. मला माझीच गाडी सापडेना!"

तिच्या शब्दावर दादाने जादा इंधनही घेतलं नव्हतं. आणखी दहा मिनिटं पुढे गेला, तर परतीपुरतंही उरणार नव्हतं.

साहेब मागे येऊन उभे होते. "धुकं अचानक आलं म्हण," ते हळूच म्हणाले. "उगाच कशाला स्वतःच्या पायावर धोंडा?"

पण अचानक आलेलं धुकं अचानक विरतंही. दादा तसंच म्हणेल आणि पुढे जाईल. ती त्याला लहानपणापासून ओळखत होती.

तिने वायरलेस उचलला. "दादा, परत फिर. मी दिलेलं हवामान शिळं होतं. साडेसहापासून धुकं आहे तिथं."

खरखर.

"किती शिळं?"

"अडीच तास."

मग, "वळतोय."

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून पेशंटची आई, दबक्या आवाजात, "ताई, विमान निघालं ना हो? बाळाचा श्वास पुन्हा वर लागलाय. डॉक्टर म्हणतात, थोडाच वेळ..."

साहेबांनी हात पुढे केला, पण तिने रिसीव्हर दिला नाही.

"निघालं होतं," ती म्हणाली. "मीच परत बोलावलंय. फोन ठेवू नका, मी दुसऱ्या लाइनवर बाळाला रस्त्याने न्यायला गाडी शोधतेय."