पिन बसली म्हणजे झालं

आमच्या घरात माझ्या नवऱ्याने एकदा तरी दुरुस्त केली नाही अशी एकही वस्तू नाही. त्यातल्या काही अजून चालतातसुद्धा.

तो व्यवसायाने आत्मविश्वास शिकवतो. थट्टा नाही. कंपन्या त्याला बोलावतात, तो माईक हातात घेतो आणि चांगल्या पोक्त माणसांकडून "मला जमेल!" असं मोठ्याने म्हणवून घेतो. अडचण एवढीच, की दिवसभर दुसऱ्यांना पाजून जे औषध उरतं, ते घरी येऊन तो स्वतः घेतो.

माझी आई परिचारिका. निवृत्त झाली, पण घरी बसली नाही. अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या घरी जाऊन जखमा धुते, पट्ट्या बदलते, इंजेक्शनं देते. गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा तिने इलेक्ट्रिक सायकल घेतली. चढावर तरुण मंडळी उतरून सायकल ढकलत असायची आणि ही पाठीला पिशवी लावून, बसल्या बसल्या, सरळ वर जायची. वॉर्डात असताना हिच्या आवाजाने मोठमोठे डॉक्टर हात धुवायला परत फिरायचे. अशी ही बाई जावयासमोर मात्र शेळी. "अहो जावईबापू, तुम्ही म्हणाल तसं." जावई म्हणजे जणू साक्षात वैद्यकीय अधीक्षक.

आई एका लहानशा बैठ्या घरात एकटी राहते आणि आम्ही रविवारी तिच्याकडे जेवायला जातो. अशाच एका रविवारी ती म्हणाली, सायकलचा चार्जर नीट चालत नाहीये, पिनेजवळ वायर खिळखिळी झाली आहे. दुकानदाराने कंपनीचा नवा मागवला आहे, यायला थोडे दिवस लागतील.

"थोडे दिवस?" माझा नवरा हसला. "आई, चार्जर आहे तो, रॉकेट नाही. स्क्रू-ड्रायव्हर द्या."

"अहो, राहू द्या ना. जेवून तरी घ्या."

पण त्याने तो उघडलाच. आधी चार्जर अधूनमधून चालायचा. ह्याचा हात लागल्यावर त्याचा चंचलपणा गेला. कायमचा बंद पडला.

दुसरा माणूस ओशाळला असता. पण आत्मविश्वास अशाच प्रसंगांसाठी असतो. पुढच्या रविवारी तो आमच्या जुन्या स्कूटरचा चार्जर घेऊन आला. स्कूटर विकली तेव्हा हा माळ्यावर राहून गेला होता. आईने चष्मा लावला आणि दोन्ही चार्जरवरची बारीक अक्षरं, औषधाच्या बाटलीवरची वाचावीत तशी, वाचली.

"माझ्या चार्जरवर बेचाळीस व्होल्ट लिहिलंय. तुमच्या ह्या चार्जरवर जवळजवळ साठ."

"मग चांगलंच की. लवकर भरेल."

"आणि हा वेगळ्या जातीच्या बॅटरीचा दिसतोय हो. माझी लिथियमची आहे."

"कंपन्या घाबरवायला लिहितात, आई. म्हणजे माणूस त्यांच्याचकडे जातो."

मी म्हटलं, "अरे, पिनसुद्धा बसत नाहीये. बसू नये म्हणूनच वेगळी केली असेल ना?"

त्याने माझ्याकडे करुणेने पाहिलं. मग मेलेल्या चार्जरची पिन कापली, स्कूटरच्या चार्जरला जोडली आणि गुंडाळायला काही मागितलं. आईने मुकाट्याने पिशवीतून जखमेवर लावायची चिकटपट्टी काढून दिली. तिचा चेहरा मला आठवतो. चुकीचं औषध लिहिलेलं दिसतंय, पण लिहिणारा मोठा डॉक्टर आहे, असा.

"बघा!" तो म्हणाला. "पिन बसली म्हणजे झालं."

आता जागा. सायकल दारामागच्या चिंचोळ्या पॅसेजमध्ये उभी असायची. घराला दार तेच एक. वरती खुंट्यांवर कोट आणि रेनकोट, खाली चपलांचं लाकडी कपाट. ह्याने बॅटरी सायकलवरून काढली, कपाटावर घडी घातलेलं घोंगडं अंथरलं आणि त्यावर ठेवली. तिला बिचारीला थंडी वाजू नये म्हणून असेल. चार्जरवर लाल दिवा लागला. पॅसेजचं दार लोटून घेतलं आणि आम्ही जेवायला बसलो.

जेवताना विषय होता, माणसं नवीन गोष्टींना का घाबरतात. बोलत अर्थातच एकटा तोच होता. मधे एकदा आई उठून बघून आली.

"कोमट लागतेय हो जरा."

"काम करतेय ना ती! काम करणारा माणूस नाही का गरम होत?"

आई बसली. पण तिचं लक्ष जेवणात नव्हतं. थोड्या वेळाने तिने चमचा खाली ठेवला आणि नाक वर केलं. मलाही वास आला. गोडसर, उग्र, नेलपॉलिशची बाटली सांडल्यासारखा. पाठोपाठ दाराआडून फुसफुस ऐकू आली. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होते तशी.

"थांबा, मी प्लग काढतो," असं म्हणत माझ्या नवऱ्याने पॅसेजचं दार उघडलं.

आत पांढरा धूर होता. बॅटरीचं खोकं शिवणीवर उसवलं होतं आणि त्यातून ज्वाळा जोराने, फवाऱ्यासारखी बाहेर येत होती. घोंगडं पेटलं होतं. फट्ट, फट्ट असे आवाज होऊन आतून काहीतरी ठिणग्यांसकट उडालं आणि वरचा रेनकोट वितळायला लागला. माझा नवरा उंबऱ्यात उभा राहिला. "मला जमेल" असं काही म्हणाला नाही. त्याने हात मात्र पुढे केला, बॅटरी उचलून बाहेर फेकावी असं त्याच्या मनात असावं.

"ए! हात लावू नकोस! मागे हो!"

हा आवाज मी लहानपणानंतर पहिल्यांदाच ऐकत होते. माझ्या नवऱ्याने तर कधीच ऐकला नव्हता. आईने त्याला कॉलर धरून मागे ओढलं, दार धाडकन लावलं आणि खालच्या फटीत टेबलावरचं फडकं पाण्यात बुचकळून कोंबलं.

"तू अग्निशमनला फोन कर. बॅटरी पेटलीय, असंच सांग. आणि तू," हे जावयाला, "स्वयंपाकघराची खिडकी उघड."

"अहो आई, पण माझा लॅपटॉप पॅसेजमध्ये..."

"गप्प बस आणि उडी मार!"

लग्न झाल्यापासूनचं 'अहो' त्या धुरात कुठे गेलं, कुणाला कळलं नाही.

सुदैवाने त्या खिडकीला गज नव्हते. आधी मी उतरले. मग तो उतरला, म्हणजे कुंड्यांवर पडला. राहिली आई. गुडघ्यांमुळे तिला खिडकीखालच्या ओट्यावरच चढवेना. आतून खोकल्याचा आवाज येत होता आणि मला रडू फुटलं होतं. तेव्हा माझा नवरा मुरगळलेल्या पायाने परत खिडकीपाशी गेला, अर्धा आत वाकला, आईच्या काखेत हात घातले आणि तिला अलगद बाहेर काढून खांद्यावर घेतलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी त्याच्या हातून झालेलं हे एकमेव काम, जे टिकलं.

अग्निशमनची गाडी आली. आग विझायला वेळ लागला, कारण बॅटरी विझल्यासारखी करायची आणि पुन्हा पेटायची. पॅसेज, दार, सायकल, सगळं गेलं. आतल्या खोल्यांत फक्त काजळी. अधिकारी बाई म्हणाल्या, दार लावून बाहेर पडलात म्हणून वाचलात. अशा बॅटरीत जास्त दाबाची वीज तोडणारं एक सर्किट असतं, पण त्याच्या भरवशावर राहू नये. शिवाय बाहेर पडायच्या वाटेत चार्जिंग कधीच करायचं नाही.

मग त्यांनी विचारलं, "हा चार्जर कुणी जोडला?"

"आम्ही," माझा नवरा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने श्रेय वाटून घेतलं.

"आम्ही नाही," आई म्हणाली. "ह्याने. आणि मी पट्टी दिली."

त्यानंतरचे काही दिवस आमच्या संसारातले सर्वांत शांत दिवस होते. तो कामावर जायचा, यायचा, गप्प बसायचा. घरातला एक नळ गळत होता, त्याने प्लंबरला फोन केला. मी घाबरून त्याचा ताप बघितला. आई आमच्याकडेच राहत होती आणि मी तिला गाडीने पेशंटकडे सोडत होते. पण गाडीत बसताना तिचा चेहरा उतरायचा. कुणी सोडेल तेव्हा जायचं, हे तिच्या स्वभावात नव्हतं. एका संध्याकाळी माझा नवरा तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"आई, चुकलं माझं. तुम्ही बरोबर वाचलं होतंत."

"वाचलं होतं रे. बोलले नाही," आई म्हणाली. "पुढच्या वेळी बोलेन. तू ऐकायचं."

नवी सायकल घ्यायला आम्ही तिघं गेलो. दुकानदाराने सायकलबरोबर कंपनीचा चार्जर दिला आणि वर एक सुटा चार्जर काउंटरवर ठेवला. "हाही राहू द्या घरी. स्वस्त आहे, कुठल्याही सायकलला चालतो."

माझ्या नवऱ्याने तो उचलला. मी डोळे मिटले.

"ह्याच्यावर व्होल्ट कुठे लिहिलेत?" त्याने विचारलं. "अँपिअर? कुठल्या बॅटरीसाठी आहे? तपासणीची खूण? बनवणाऱ्याचं नाव तरी?"

"साहेब, पिन बसते ना!"

मग जे व्याख्यान झालं, त्यात दुकानदाराचा सगळा आत्मविश्वास गेला. तीन गिऱ्हाइकं ऐकायला थांबली.

हल्ली आई दुरुस्त झालेल्या आपल्या घरामागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, उघड्या फरशीवर बॅटरी चार्ज करते. फिरून आल्या आल्या नाही, निवल्यावर. तेव्हा ती बाहेर जात नाही आणि झोपतही नाही. रविवारी ही जबाबदारी जावयाची. तो अंगणात खुर्ची टाकून बसतो आणि मधूनमधून आजाऱ्याचा ताप बघावा तसा हाताच्या पाठीने बॅटरीला स्पर्श करतो.

"काय रे, गरम आहे का?" आई आतून ओरडते.

"नाही, आई. हिरवा दिवा लागला."

"मग प्लग काढ आणि हात धुऊन ये. पान वाढलंय."