खंडेनवमीची खाच

शके १९२८, आश्विन शुद्ध नवमी, रविवार. स्थळ मीरा रोड, सिल्व्हर पार्कमधील तिसऱ्या मजल्यावरचे घर. वेळ दुपारच्या नैवेद्याची. पुरणपोळीचे ताट घेऊन मृणालिनी देवघराकडे निघाली, तोच तिच्या कानी ‘टक्’ असा कोरडा आवाज आला. ताट खाली ठेवेपर्यंत तो पुन्हा आला.

शस्त्रपूजेच्या पाटावर पिस्तूल तिनेच मांडले होते. गोळ्यांचे मॅगझीन काढून, आत गोळी नसल्याची खात्री करून, ताट वाढण्यापुरती ती आत गेली होती. पॉइंट टू-टूचे ते पिस्तूल घेऊन तिला परवा राज्य संघाच्या निवडचाचणीला उभे राहायचे होते. दुसरे तिच्यापाशी नव्हते. आता ते तिच्या सासऱ्यांच्या, आत्मारामअप्पांच्या हाती होते. नळीच्या तोंडाला तेलात कालवलेले कुंकू फासलेले, वर अक्षता चिकटलेल्या.

तिने ते काढून घेतले, तेव्हा अप्पांना खरोखरच नवल वाटले. रत्नागिरीकडे त्यांच्या घरी रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक असे, आणि नवमीची पूजा आटोपली की रिकामा घोडा पाडून शस्त्र ‘जागे’ करण्याची रीत होती. तीच त्यांनी पाळली होती. ठासणीच्या बंदुकीचे त्याने काही बिघडत नसे. या पिस्तुलाची गोष्ट वेगळी. याच्या गोळीची दारू पेटते ती बुडाच्या कडेवर टोला बसून. गोळी नसली की तोच टोला थेट नळीच्या मागच्या काठावर बसतो, काठ चेपतो, आणि पुढे गोळी अडकू लागते. मृणालिनीने हे सांगितले, पण ऐकून घेणे अप्पांच्या स्वभावात नव्हते.

“शस्त्रच ना ते? रिकाम्या चापाने मोडत असेल, तर त्याला पिचकारी म्हणा, सूनबाई.”

“रंग पिचकारीत घालतात, अप्पा. तुम्ही यात घातलाय.”

जवळच्या पूनम सागर वसाहतीत राहणाऱ्या आपल्या प्रशिक्षक शुभदाताईंना तिने फोन केला, त्या निघाल्या. तोवर जेवणाच्या टेबलावर पांढरे पंचे अंथरून, उडालेली स्प्रिंग लगेच दिसावी अशी सोय करून, ती कामाला बसली. आत गोळी नसल्याचे पुन्हा पाहिले. नळीवरची सरकती स्लाइड सुटण्यासाठी एक खीळ सरकवावी लागे. एरवी ती अंगठ्याने सरके, आज कुंकवाच्या रव्याने घट्ट बसली होती. अप्पांनी न सांगता सांडशी आणून ठेवली. तिने ती दूर सारली. जोर केला तर खीळ वाकणार आणि उरलेसुरलेही जाणार. खिळीपाशी तेलाचा थेंब सोडून ती हात आवरून बसली. पुरणपोळ्या निवत चालल्या, नैवेद्य तसाच राहिला, आणि तो दाखवण्याची गोष्ट अप्पांनी काढली नाही. अखेर खीळ सरकली.

गोळी बसण्याच्या जागी एक अक्षत अडकली होती. लोखंडी टोकाने ओरखडा उठला असता, म्हणून विझलेल्या उदबत्तीची काडी घेऊन तिने ती अलगद काढली. नळीच्या तोंडाकडची कडा घासू नये म्हणून दोरीला बांधलेली चिंधी मागून पुढे ओढली. चिंधी लालभडक होऊन निघाली. अप्पांनी ती पाहिली आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग तिने मागच्या काठावर टॉर्च धरला. काठ एका जागी दबलेला होता.

“झाली परवाची चाचणी,” ती म्हणाली. “तुमच्या रीतीपायी.”

काठ कानशीने सारखा करता येईल का, असे अप्पांनी हळू आवाजात विचारले. तिने टॉर्च विझवला.

शुभदाताई आल्या त्या चपला काढून थेट टेबलाशी बसल्या. भिंगातून त्यांनी ती खाच बराच वेळ न्याहाळली, आणि घरी गोळीविना कोरडा सराव करताना आत काय घालतेस, असे विचारले. झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी घालते, मोकळा चाप कधीच ओढत नाही, असे मृणालिनीने काहीशा ताठ्याने सांगितले. ताईंनी ती पुंगळी मागितली. खणातून एकच पुंगळी निघाली. तिच्या बुडाची कड एका जागी कागदासारखी पातळ झाली होती.

ताईंनी दुसरी, धड कडेची पुंगळी पर्समधून काढून नळीत बसवली आणि नळी उभी केली. पुंगळी कुठेही न अडकता सहज घसरून पंच्यावर पडली. अप्पा श्वास रोखून पाहत होते. ताईंनी भिंग मृणालिनीच्या हाती दिले.

“परवा हे चालेल. पण नीट बघ, खाचेत काजळी घट्ट बसलीय; आजची असती तर चकाकली असती. महिनोन्महिने तीच एक पुंगळी, न फिरवता; तिची कड झिजली आणि टोला काठापर्यंत पोचला. खाच तुझी आहे, अप्पांची नाही.”