ओल्या काड्यांचे एकोणीस सेकंद

कॅसेटवर आईचा आवाज नाही, हे मुलीला कळलं तो बुधवार होता. आईला जाऊन तेव्हा नऊ आठवडे झाले होते. तिच्या बापाला मात्र ही गोष्ट पस्तीस वर्षांपासून ठाऊक होती.

बापाचं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान. टेपरेकॉर्डर गेले, दुकान राहिलं. आता तिथे पंखे, इस्त्र्या, रिमोट, जे येईल ते दुरुस्त होतं, पण लोक अजून त्याला टेपवालाच म्हणतात. खाली दुकान, वर घर, मधे चौदा पायऱ्या.

मुलगी आठवडाभराची सुट्टी काढून आली होती. आईचे कपडे आवरून झाले, चारही चष्मे एका डब्यात गेले, आणि मग ती कपाटाखालच्या खणापाशी फतकल मारून बसली.

"बाबा, ओल्या काड्यांची कॅसेट कुठाय?"

ओल्या काड्या म्हणजे तिच्या आईचा बँड. ऐंशीच्या दशकात बँडना नुसतं पीक आलं होतं. दोन गिटार, एक ड्रम आणि केस ताठ करायचा फवारा, एवढं जमलं की झाला बँड. घरातल्या घरात काळे गॉगल, खांद्यांत उशा भरलेले कोट, बोटं कापलेले हातमोजे. ओल्या काड्यांत चौघं होते. आई कीबोर्ड वाजवायची आणि गायची. नावही तिनेच ठेवलेलं. "पेटलो तर चमत्कार, नाही पेटलो तर आधीच सांगून ठेवलंय," असं ती म्हणायची. बँड काही पेटला नाही. रेडिओवर रविवारी दुपारी नव्या बँडचा कार्यक्रम लागायचा, त्यात एकदा त्यांना पाऊण तास मिळाला. पुढे दोन वर्षांत चौघं चार वाटांना लागले.

"आईचा आवाज तुझ्या फोनवर आहे ना," टेपवाला म्हणाला.

"फोनवर आई 'येताना दूध आण' म्हणते. मला गाणारी आई ऐकायचीय, बाबा. मला कळायला लागल्यापासून ती नुसती गुणगुणत होती, तेही भांड्यांच्या आवाजात."

टेपरेकॉर्डर बिघडलाय असं सांगायचं त्याच्या मनात आलं. पण टेपवाल्याच्या घरचा टेप बिघडलेला आहे, हे शेंबडं पोरही मानणार नाही. तो खाली गेला, रबरी पट्टा बदलला, कापसाने हेड पुसलं आणि टेप घेऊन वर आला. तोवर तिने निळी डबी शोधून काढली होती. डबीवर आईच्या अक्षरात 'ओल्या काड्या' लिहिलेलं.

तिने बटण दाबलं. आधी खरखर, मग हजारो माणसांचा गलका, आणि मग एक पुरुष असा किंचाळला की खिडकीतलं कबुतर उडालं.

"ही तर रात्रपाळी!" मुलगी म्हणाली. "तुमचा बँड!"

रात्रपाळी हा त्याचा जीव की प्राण. "अदलाबदल झाली असेल," तो म्हणाला. मुलीने कॅसेट उलटी करून पाहिली. दुसरी बाजू कोरी. मग तिने अख्खा खण जमिनीवर ओतला. एकेक डबी उघडायची, टेपात घालायची, थोडं ऐकायचं, बाजूला ठेवायची. प्लास्टिकचे राजे आले, तीन नंबरचा दरवाजा आला, ज्यांची आता त्यांच्या आयांनाही आठवण नसेल असे बँड आले. दुपारचे चार वाजले. टेपवाला मूग गिळून बसला होता. बासष्टावी कॅसेट तिने हातात घेतली तेव्हा तो म्हणाला, "राहू दे, पोरी. कॅसेट तीच आहे."

आता हे कसं झालं ते सांगायला हवं.

मुलीची आई पहिल्यांदा दुकानात आली ती कीबोर्डची अडकलेली पट्टी घेऊन. त्याने ती नीट करून दिली, आणि आठवड्याने पुन्हा अडकेल अशी थोडी सैल ठेवली. हे त्याने लग्नानंतर कबूल केलं होतं. रेडिओवर कार्यक्रम झाला त्या रविवारी त्याने दुकानातला सगळ्यात चांगला टेप लावून तो पूर्ण भरून घेतला. कॅसेटच्या पाठीवर दोन कोपऱ्यांत प्लास्टिकच्या दोन बारीक टिकल्या असतात. त्या मोडल्या की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही, मग त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. त्याने स्क्रू-ड्रायव्हरने दोन्ही टिकल्या उडवल्या आणि कॅसेट तिच्या हातात दिली. त्याने तिला दिलेली ही पहिली वस्तू.

लग्नानंतर दर शनिवारी दोघं रेडिओशी बसायचे. एक वही होती. डाव्या पानावर आवडते बँड, उजव्या पानावर विसरण्याजोगे. भांडणं अशी व्हायची की शेजारचे भिंत ठोकायचे. "हा गातोय की दाढ काढून घेतोय?" असं ती रात्रपाळीच्या गायकाबद्दल विचारायची. एका शनिवारी तो हरायला लागला तेव्हा त्याने पेन घेतलं आणि उजव्या पानावर लिहिलं, ओल्या काड्या. ती हसली. चांगली खळखळून हसली. पण पुढच्या शनिवारी वही निघाली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. कीबोर्ड कपाटावर चढला. मुलीचा जन्म जवळ आला होता, त्यामुळेच असेल, असं तो धरून चालला. माणसाला सोयीचं ते पटतं.

मुलगी दोन वर्षांची असताना रात्रपाळी बँड फुटला. शेवटचा कार्यक्रम संध्याकाळी सहाला रेडिओवर थेट लागणार होता. त्याला पावणेसहाला कळलं. बायको मुलीला घेऊन बाहेर गेली होती. घरात एकही कोरी कॅसेट नाही, दुकानाला कुलूप, आणि चाव्या बायकोच्या पिशवीत. मुलीने त्या दिवसांत डब्या उघडून कॅसेटी काढायचा उद्योग मांडला होता, कुठली कुठली काही कळत नव्हतं. त्याने हाताला लागली ती बिननावाची उचलली. टिकल्या मोडलेल्या होत्या. पण तो टेपवाला. दुकानात गिऱ्हाईकांना तो दिवसातून दहादा करून द्यायचा तेच केलं. लाल चिकटपट्टीचा तुकडा कापला आणि टिकलीच्या भोकावर लावला. बटण दाबलं गेलं. कॅसेटवर आधी काय आहे ते वाजवून बघायचीही त्याने तसदी घेतली नाही.

त्याची एक सवय होती. निवेदकाची बडबड त्याला खपायची नाही. शेवटचं गाणं संपलं, निवेदकाने तोंड उघडलं की याने बटण बंद केलंच. त्या दिवशीही केलं. दोन दिवसांनी तो दुकानात एकटा ऐकत बसला होता. गाणं संपलं, खट्ट वाजलं, आणि पुढे बायको गाऊ लागली. एकोणीस सेकंद. मग फीत संपली.

रविवारी सांगू, असं त्याने ठरवलं. रविवारी मुलीला ताप होता. पुढच्या रविवारी पाहुणे. त्याने बायकोची निळी डबी शोधून कॅसेट तीत घातली, डबी खणात ठेवली, आणि झाकली मूठ झाकलीच राहिली. बायकोने कधी विषयही काढला नाही. तीही विसरली असेल, त्याने स्वतःची समजूत घातली. विसरण्याजोगाच तर बँड.

मुलीने सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही, ओरडली नाही. समोरच्या ढिगाकडे बघत म्हणाली, "एकसष्ट कॅसेटी उघडू दिल्यात मला."

"हो."

"बसून बघत होतात."

"हो गं."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "एकोणीस सेकंद लावा."

त्याने फीत पुढे नेली. रात्रपाळीचं शेवटचं गाणं, गलका, खट्ट. आणि मग बावीस वर्षांची एक मुलगी एका लांब सुरावर थांबलेली, थोडी चढी, थोडी घाबरलेली, पण सूर सोडत नव्हती. ड्रमचा एक ठोका चुकला. गाणं संपलं. निवेदकाने विचारलं, "तुमचा आवडता बँड कोणता?" "आमचाच," ती म्हणाली. "दुसरा कुठला असणार?" मागे कोणीतरी खो खो हसलं. संपलं.

मुलीने चारदा लावलं. पाचव्यांदा फीत कुरकुरली तशी टेपवाल्याने तिचा हात धरला. "जुनी झालीय. ओढली तर तुटेल."

"बडव्याकाकांकडे पूर्ण असेल," मुलगी म्हणाली. "हसले ते काकाच ना?"

ओल्या काड्यांचा ड्रमवाला तो बडव्या. बाकी दोघं वारले. बडव्या आता ड्रायव्हिंग शिकवतो आणि सिग्नलला थांबलं की डॅशबोर्ड बडवतो. गुरुवारी सकाळी दोघं त्याच्याकडे गेले. तो गाडी पुसत होता.

"माझ्याकडे?" बडव्या म्हणाला. "लेका, माझ्याकडे कुठून असणार? मी तुला कोरी कॅसेट आणून दिली होती. कॉपी काढून दे म्हणून. चिठ्ठीसकट. महिनाभर विचारत होतो, तू रोज 'उद्या'. मग म्हटलं जाऊ दे, याच्या घरात आहे म्हणजे बँकेत आहे."

टेपवाल्याने खिशातली कॅसेट चाचपली.

"कुंपणानेच शेत खाल्लं की रे," बडव्या म्हणाला, आणि मग मुलीचा चेहरा पाहून आवाज खाली आणला. "तिने सांगितलं होतं मला."

"काय सांगितलं होतं?"

"कॅसेट गेली म्हणून. तुझी पोरगी शाळेतसुद्धा जात नव्हती तेव्हा. मी म्हटलं, भांड त्याच्याशी, डोक्यात टेप घाल. तर म्हणाली, सांगेल तो. वाट बघते."

"तिला माहीत नव्हतं," टेपवाला म्हणाला. "माहीत असतं तर बोलली असती."

"मला का खोटं बोलायचंय? शेवटचं हॉस्पिटलात भेटायला गेलो तेव्हा मी विचारलं, सांगितलं का गं त्याने? नुसती हसली."

गाडीचा फडका पिळून बडव्याने आरशावर टाकला. मुलगी रस्त्याच्या पलीकडे बघत राहिली.

दोघं परत आले. मुलगी वर गेली, टेपवाल्याने दुकान उघडलं. कॅसेट खिशात होती. त्याने ती टेबलावरच्या दिव्याखाली धरली, चष्मा लावला, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा तिच्या पाठीकडे पाहिलं.

लाल चिकटपट्टी नव्हती. त्या दिवशी त्याने ती लावली होती आणि काढली नव्हती, हे त्याला नक्की आठवत होतं. डबीत घातल्यावर त्याने कॅसेट पुन्हा हातातच घेतली नव्हती. आता भोक उघडं होतं, आणि भोवती गोंदाचा चौकोनी डाग, त्यावर नखाने खरवडल्याच्या दोन बारीक रेघा. पट्टी आपोआप गळली असती तर डबीत सापडली असती. त्या खणात त्याच्याशिवाय एकच माणूस हात घालायचं.

म्हणजे तिने कॅसेट ऐकली होती. आपला आवाज गेला हे तिला कळलं होतं. आणि मग तिने बसून नखाने ती पट्टी काढली होती, म्हणजे त्या कॅसेटवर पुन्हा कोणी काही भरू नये. रात्रपाळी पुसली जाऊ नये. ज्या बँडला ती दाढ काढून घेणारा म्हणायची, तो.

एक बाई इस्त्री घेऊन आली, त्याचं तोंड बघून ठेवून गेली. मग मुलगी खाली उतरली. त्याने कॅसेट तिच्यापुढे धरली आणि डाग दाखवला, काय ते सांगितलं. तिने बोट फिरवून पाहिलं.

"तुम्ही तिला एकदाही विचारलं नाहीत? इतक्या वर्षांत?"

"मला वाटलं ती विसरली."

"आई?" मुलगी म्हणाली. "आईला माझ्या दुसरीतल्या बाईंचा फोन नंबर पाठ होता, बाबा."

ती शनिवारी गेली. जाताना म्हणाली, "एकोणीस तर एकोणीस. ते तरी फीत तुटायच्या आत उतरवून ठेवा. मला पाठवा." पाया पडली नाही, रुसलीही नाही. चौदा पायऱ्या उतरली, आणि टॅक्सीत बसल्यावर हात हलवला.

बडव्याची कोरी कॅसेट दुकानातल्या वरच्या फळीवर, वितळलेल्या रबरी पट्ट्यांच्या डब्यामागे सापडली. चिठ्ठी आत तशीच होती. 'ओल्या काड्या, एक कॉपी. घाई नाही.' त्याने कॅसेटवरची धूळ पुसली, पेन्सिल घालून फीत घट्ट केली. दोन टेप शेजारी शेजारी मांडले, वायर जोडली, दोन्ही हेड साफ केली. तुटलेल्या फिती त्याने आयुष्यात शेकड्यांनी जोडल्या आहेत. पण उतरवायचं म्हणजे जुनी फीत आणखी एकदा चालवायची, आणि ती त्या एका वेळेतच तुटली तर, एवढ्यावर येऊन त्याचा हात थांबतो.

वही कपाटात आहे. उजव्या पानावरचं नाव त्याने अजून खोडलेलं नाही. टेप टेबलावर जोडलेले आहेत, त्याला आज अकरा दिवस झाले. कॉपी काढायची राहिली आहे.