वाट गोल आहे

राखीव रानाच्या फाटकाशी एक पाटी आहे : 'मागे फिरू नये. वाट गोल आहे. आपोआप परत याल.' कुणा पुणेकरानेच लिहिली असणार, नाहीतर स्वागताच्या जागी दटावणी कशी येईल? त्या पाटीवर मी विश्वास ठेवला, हा माझा गाढवपणा.

वारज्याच्या खाली, नदीकाठी हे रान आहे. दीड किलोमीटरची सपाट वाट, एका बाजूला मुठा, दुसऱ्या बाजूला बाभळी नि करंज. कुठेही फाटा नाही. आमचे हे, श्यामसुंदर, पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं नद्या मोजत हिंडले. निवृत्तीनंतर रोज सकाळी इथे एकट्याने फेरी मारायची आणि घरी येऊन पाण्याचा रंग नि वास मला चहासोबत ऐकवायचा, हा यांचा नेम. मला काय त्या पाण्याची हौस होती? पण बसत होते ऐकत.

गेल्या दिवाळीपासून यांचं विसरणं वाढलं. आधी चष्मा, मग गॅस, मग एकदा आपलीच सोसायटी. रिक्षावाल्याने आणून सोडलं. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या आमच्या अवधूतने फोनवरून हुकूम सोडला, "आई, बाबांनी एकट्याने बाहेर पडायचं नाही. मी एक केअरटेकर बघितलाय, सोमवारपासून येईल. आणि ते नदीवरचं वॉक आता टोटली बंद."

माझा संताप संताप झाला. स्कूटर गेली, बँकेची कामं गेली, शब्दकोडं गेलं. ही एक फेरी तेवढी त्यांची म्हणून उरली होती. मी म्हटलं, "रविवारी मी त्यांना एकटं पाठवते. मी फाटकाशी बाकावर बसेन. अर्ध्या तासात माझ्यासमोर येऊन उभे राहिले, तर तुझा केअरटेकर तुझ्याकडेच ठेव."

"आणि नाही आले तर?"

"तर तू म्हणशील तसं." बोलून बसले.

रविवारी फाटकाशी पोचल्यावर हे म्हणाले, "अगं, तू नाही येत?"

"गुडघा दुखतोय. या तुम्ही जाऊन."

या 'अगं'वरून आमचं जुनं भांडण आहे. मी मुख्याध्यापिका झाले, अख्खी शाळा 'अहो बाई' म्हणायला लागली, तेव्हा यांना सांगितलं होतं की आता तुम्हीही मला अहो म्हणा. तर म्हणाले, "अहो म्हणायला तू काय शेजारच्या काकू आहेस?" चव्वेचाळीस वर्षं मी अहो म्हणतेय आणि हे अगं.

काठी टेकत गेले, करंजांच्या वळणावर दिसेनासे झाले. माझा जीव नुसता टांगणीला लागला. चोविसाव्या मिनिटाला पलीकडून आले की हो! ताठ, टोपीसुद्धा जागेवर. मी उठणार, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे बघून मान लववली आणि न थांबता पुढे गेले. म्हटलं, बघा, एका फेरीत भागलं नाही म्हातारबुवांचं! अवधूतला लगेच मेसेज ठोकला : 'आले. चोवीस मिनिटं. आता जादा फेरी मारताहेत.' त्याने अंगठा पाठवला.

दुसऱ्यांदा आले. पुन्हा मान लववली, पुन्हा पुढे गेले. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. फाटकावरचे तात्याराव म्हणाले, "बाई, सायब लई चालत्यात. दमायचं नाव न्हाई." मी हसले खरी. पण बायकोला बघून कुणी अशी मान लववतं का?

तिसऱ्यांदा मी वाटेच्या मधोमध उभी राहिले. त्यांचे पाय लटपटत होते. थांबले, काठी बगलेत धरून हात जोडले.

"अहो बाई, जरा सांगता का, बाहेर जायचं फाटक कुठे आहे? मी मघापासून चालतोय, वाट संपतच नाही."

फाटक त्यांच्या डाव्या हाताला, दहा पावलांवर होतं.

चव्वेचाळीस वर्षांनी मिळालं मला माझं अहो. नको होतं हो. अजिबात नको होतं.

"चला, दाखवते," म्हणून मी त्यांचा दंड धरला.

"आपले फार उपकार झाले. आमची मंडळी घरी वाट बघत असेल. जरा तापट आहे."

"फार तापट?"

"फार!" ते खुदकन हसले. "पण मी पाण्याचं सांगायला लागलो की गप बसून ऐकते बिचारी."

तेवढ्यात अवधूतचा फोन आला. "आई, झाली का जादा फेरी?"

हो म्हणणं किती सोपं होतं. कुणाला कळणार होतं?

"जादा नव्हती रे ती. बाबांना फाटक सापडत नव्हतं," मी म्हटलं. "सोमवारी पाठव तुझा माणूस. पण फेरी बंद होणार नाही. रोज मी बरोबर जाईन."

तो काहीतरी विचारत होता. मी फोन ठेवला आणि यांना बाकावर बसवलं.

"आज पाणी कसं होतं?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे जरा संकोचून बघितलं. "आपल्याला वेळ आहे?"

"आहे," म्हटलं, आणि शेजारी बसले.