साखळीच्या आत

माझ्या मुलाला मारणारा माणूस आमच्या माहान गावच्या दर्ग्यात लपून बसला होता आणि मी दाराबाहेर त्याच्यावर डोळा ठेवून होते. दारात लोखंडी साखळी आडवी टांगलेली. तिच्या आत जो शिरला त्याला शहाचा शिपाईसुद्धा हात लावत नाही, अशी पूर्वापार रीत. रीत चांगली की वाईट, ते जिचं पोर मेलंय तिला विचारा.

मोहरममध्ये मिरवणूक कुणाची पुढे जाणार, यावरून आमची आळी आणि खालची आळी दरवर्षी डोकी फोडतात. इमामासाठी रडायला निघतात आणि एकमेकांच्या आयांना रडवून परततात. यंदा खालच्या आळीतल्या खोदाकरमचा सोटा माझ्या बेमानअलीच्या कानशिलात बसला. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून 'राहा रे बाबा' अशा अर्थाचं नाव ठेवलं होतं त्याचं. तोही राहिला नाही.

खोदाकरमच्या सुटकेला एकच वाट होती. मेलेल्याच्या आईनं चारचौघांत म्हणायचं, "रक्त माफ केलं." मग गावात कुणी त्याच्या केसाला धक्का लावायचा नाही. मोठमोठे पागोटेवाले मला विनवून गेले. मी सगळ्यांना वाटेला लावलं. माझा दीर झुल्फिकार समोरच्या नालबंदाकडे कमरेला सुरा लावून बसायचा.

"वहिनी, तो बाहेर पडला की नुसती हाक मार," एवढंच त्याचं मागणं.

थंडी वाढली. घराकडे जायची सोय नव्हती, तेवढ्यात हा निसटला तर? दर्ग्याचे सेवक सय्यद नूरुल्ला एकाच पातेल्यातलं शलगम दोघांना वाढायचे, एक वाडगा आत, एक बाहेर.

"जेवण माझं खाता आणि शिव्याही दोघं मलाच देता," म्हणायचे.

एकदा खोदाकरम आतून म्हणाला, "मावशी, फार गारठा आहे. घरी जा."

"तू बाहेर ये मेल्या, लगेच जाते."

त्यानंतर रात्री खोकायचा तेवढा. त्याचा खोकला थांबला की मी उठून बघायची. मेला असला तर माझ्या हाती काय लागणार होतं?

मग एका सकाळी त्याची आई गेली. जनाजा दर्ग्यात आणून फिरवायची आमच्याकडे पद्धत. झुल्फिकारनं आळीच्या तोंडाशी माणसं उभी केली. "खुन्याच्या आईला दर्गा कशाला? नेऊन पुरा सरळ," म्हणाला आणि जनाजा मागच्या गल्लीनं वळवला. भिंतीपलीकडून कलमा ऐकू आला. आवाज अगदी थोडे होते. चार खांदे तरी मिळाले की नाही, देव जाणे.

खोदाकरम उठला आणि साखळीखालून वाकून बाहेर आला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अनवाणीच गल्लीकडे निघाला.

ज्यासाठी हिवाळा अंगावर काढला ती घटका हीच. मी तोंड उघडलं.

"आत जा!" ओरडले मी. "मेल्या, आत जा!"

नालबंदाकडे झुल्फिकार उठलेला दिसला. खोदाकरम ऐकेना. मी धावत जाऊन त्याचा कमरपट्टा धरला आणि सगळा जीव एकवटून मागे ओढला. दोघं साखळीखालून आतल्या फरशीवर आपटलो.

झुल्फिकार धापा टाकत साखळीशी थांबला.

"माझ्या भावाच्या पोराचं रक्त विकलंस, वहिनी," म्हणाला. "आता बाहेर पाय टाकून बघ. दोघांना एकाच खड्ड्यात घालतो." आणि तिथंच मांडी घालून बसला.

कलमा लांब गेला, मग ऐकू येईनासा झाला. खोदाकरम गुडघ्यांत डोकं घालून ढसाढसा रडत होता.

"कशाला ओढलंस मला? आईला खांदा द्यायचा होता. मग मारलं असतं तरी चाललं असतं."

माझ्या मुलाला खांदे देणारे पुष्कळ होते. त्याचा जनाजा याच अंगणातून फिरला होता.

तेवढ्यात सय्यद आले. बाहेर माणसं जमली होती, दोन्ही आळ्यांची. सय्यद माझ्याजवळ बसले आणि हळूच म्हणाले, "ताई, साक्षीदार आहेत. एक वाक्य बोल. तोही सुटेल, तूही सुटशील."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. खोदाकरमनंही डोकं वर केलं. मी बोलायला गेले. मनापासून बोलायला गेले, खोटं नाही सांगत. तोंडातून फक्त "बेमानअली" एवढंच आलं. दुसऱ्यांदा बोलायला गेले, तेव्हाही तेच.