टेबलाची झाली ला मेसा

मित्रांनो, चार पायांवर उभं राहून चाळीस वर्षं झाली मला. मी जेवणाचं एक जुनं टेबल आहे. सुतारकाकांनी मला उरलेल्या फळ्यांतून घडवलं. त्यांची लेक माझ्यावर कोपरं टेकूनच अक्षरं गिरवायला शिकली. येणारेजाणारे सांध्यांवरून हात फिरवत म्हणायचे, "काय बसवलंय हो! खिळासुद्धा दिसत नाही." पुढे काकू गेल्या, लेक सासरी गेली आणि माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. अंगावर रंगाचे डबे आले.

जावई स्पॅनिश बोलणारे. ते आपली भाषा शिकले. पण त्यांच्या आईला, म्हणजे काकांच्या विहीणबाईंना, स्पॅनिशशिवाय काही येत नव्हतं. लग्नात दोघं तासभर शेजारी बसून नुसते हसत राहिले. ते काकांना फार लागलं होतं. लेकीचे दिवस भरत आले, विहीणबाई राहायला येणार असं ठरलं, तेव्हा साठी ओलांडलेल्या काकांनी कंबर कसली. वही ठेवायला जागा हवी म्हणून मला झाडूनपुसून स्वयंपाकघरात आणलं.

लेक येऊन शिकवू लागली. "बाबा, तिकडे नामांची दोनच लिंगं. पुल्लिंगी नामाआधी 'एल', स्त्रीलिंगीआधी 'ला'. शेवटी 'ओ' असेल तर बहुतेक एल, 'आ' असेल तर ला. एल वासो म्हणजे पेला, ला वेंताना म्हणजे खिडकी."

"आणि आपलं ते टेबल? ते कुठे बसवायचं?"

"बायकांत. ला मेसा."

"अगं, एवढे जाड पाय आणि बाई?"

काका खो खो हसले. पण लाकूड घासायच्या पॉलिश पेपरच्या पाठीवर 'ला मेसा' लिहून त्यांनी ती चिठ्ठी मला चिकटवली. मित्रांनो, त्या दिवसापासून मी बाई झाले, आणि खरं सांगते, खूश झाले.

हाताने मात्र काकांना दगा दिला. हात म्हणजे मानो. शेवटी 'ओ' पाहून ते 'एल मानो' म्हणाले.

"ला मानो, बाबा! म्हणून शब्द एकटा पाठ करू नका. एल-ला सकट करा."

"बरोबर. बिजागरीशिवाय दार कुठे बसतं?" काका म्हणाले.

विहीणबाई आल्या. चौथ्याच दिवशी सकाळी लेकीला दवाखान्यात नेलं. जावई सोबत गेले. मागे हे दोघं माझ्यापाशी बसून चहा गार करत राहिले. फोन वाजला. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, असं नर्सने सांगितलं. काका धडपडत उठले आणि आनंदात सगळं विसरले.

"एल... एल..."

नातू झाला असं समजून विहीणबाईंनी, पदर नव्हता म्हणून, डोळ्यांना रुमाल लावला. काकांनी जीभ चावली.

"नाही, नाही! एल नाही, ला! ला नीन्या!" म्हणजे मुलगी. मग आठवून आठवून, "ला मामा, बिएन!" म्हणजे आई बरी आहे.

विहीणबाई "ला! ला!" म्हणत माझ्यावर थापा मारत सुटल्या. दोघंही रडत होते, हसत होते. इतका मान मला कधीच मिळाला नव्हता.

आता नात माझ्यावर वाटी आपटते आणि मी धन्य होते. मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ अधूनमधून पुसत जा. आणि कुणी परकी भाषा चुकत चुकत बोलत असेल, तर त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबा. त्याला फार चांगली बातमी सांगायची असेल.